आयडलला गुणी, फुल थ्रॉटलला उपाशी: मोठ्या आउटबोर्डचा दर दिवाळीचा बिघाड

दसऱ्याला ट्रेलरवरच्या बोटीला हार घालतात, नारळ फोडतात, मागे टांगलेल्या इंजिनाच्या, म्हणजे आउटबोर्डच्या, गिअरकेसला (पाण्यात राहणाऱ्या खालच्या भागाला) पाण्याचा पाइप लावून ते सुरू करतात. इंजिन पहिल्या किल्लीला लागतं, आयडलला (थ्रॉटल न देता) मांजरासारखं गुरगुरतं आणि सगळे समाधानाने घरी जातात. मग दिवाळीच्या सुट्टीत बोट मांडव्याला उतरते किंवा पानशेतच्या पाण्यात जाते, थ्रॉटल पूर्ण पुढे जातो आणि आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ३८०० वर अडकतो. बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते, पाण्यावर उठतच नाही. "इंजिन गेलं" असं ठरतं आणि कोणीतरी इंजेक्टर, कॉइल, कॉम्प्युटर असे महागडे शब्द बोलायला लागतं.

बहुतेक वेळा इंजिन गेलेलं नसतं. ते उपाशी असतं.

२५० हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक इंजिन आयडलला तासाला दोन-तीन लिटर पेट्रोल पितं. तेच फुल थ्रॉटलला तासाला ८५ ते ९५ लिटर, म्हणजे मिनिटाला दीड लिटर मागतं. मागणी तीसपट वाढते. निम्मा तुंबलेला फिल्टर, आतून सोललेला होज (पेट्रोलची रबरी नळी), मातीने बुजलेलं व्हेंट (टाकीत हवा जाण्याचं भोक) यांपैकी काहीही असलं तरी आयडलला लागणारं पेट्रोल आरामात पोचतं. अडथळा दिसतो तो मागणी वाढल्यावरच. म्हणून अंगणातली पूजेची चाचणी या बिघाडाबद्दल काहीच सांगत नाही. खाली दिलेला क्रम १५० ते ३०० हॉर्सपॉवरच्या चार-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, शेवटी हात काळे करायचं.

आधी लक्षण नीट ओळखा

"पॉवर येत नाही" ही तक्रार निदानाला पुरत नाही. पुढीलपैकी आपलं काय आहे ते ठरवा.

आरपीएम ३५०० ते ४२०० च्या मध्ये अडतो, वर-खाली झोके घेतो, अलार्म वाजत नाही, थ्रॉटल थोडा मागे घेतला की इंजिन सुधारतं: हे पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण. या लेखाचा मोठा भाग याच्यावरच आहे.

दहा-पंधरा मिनिटं छान चाललं, मग हळूहळू बसलं, बंद करून पाच मिनिटं थांबलं की पुन्हा ठणठणीत: हाही पेट्रोलचाच प्रकार. व्हेंट किंवा टाकीतली शोषणनळी यांच्यावर पहिला संशय घ्या.

अलार्म वाजला आणि आरपीएम एकदम साधारण २००० ते ३००० च्या दरम्यान एका आकड्यावर येऊन चिकटला: इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच लगाम घातला आहे. तापमान, ऑइलचा दाब, बॅटरीचा व्होल्टेज किंवा पेट्रोलमधलं पाणी यांपैकी एक कारण असतं. स्क्रीनवरचा संदेश किंवा कोड लिहून घ्या. किल्ली बंद करून "रीसेट" करायच्या आधी घ्या, कारण नंतर तो दिसेलच असं नाही.

आरपीएम वर जातो, आवाज वाढतो, पण बोट पळत नाही: इंजिन निर्दोष आहे, पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) गडबड आहे.

आरपीएम नेहमीपेक्षा तीन-चारशेने कमी, पण इंजिन गुळगुळीत, एक झोका नाही: ओझं वाढलं आहे. बोट, पंखा, पाणी, उंची तपासा.

सगळ्याच वेगांना थरथर आणि मिसफायर: प्लग, कॉइल, वायरिंग.

एक सवय लावून घ्या. सगळं व्यवस्थित असेल त्या दिवशी किती माणसं, किती पेट्रोल, फुल थ्रॉटलला किती आरपीएम आणि जीपीएसवर किती वेग, हे चार आकडे डॅशबोर्डाच्या झाकणामागे मार्करने लिहून ठेवा. बहुतेक मोठ्या इंजिनांची फुल थ्रॉटलची हद्द ५००० ते ६००० असते, काहींची ६३०० पर्यंत जाते. आपलं इंजिन त्या हद्दीत नेमकं कुठे बसत होतं हे माहीत नसेल, तर आज ते बिघडलंय हे कशावरून ठरवणार?

बोटीवर दोन इंजिनं असतील तर

मग अर्धं निदान फुकट झालं. दोन्ही एकदम बसत असतील तर दोष दोघांच्या सामायिक गोष्टीत आहे: पेट्रोल, टाकी, व्हेंट. एकच बसत असेल तर त्याच्या फिल्टरपासून पुढे शोधा. फिल्टर, बल्बसकटचा (हाताने दाबून पेट्रोल चढवायच्या रबरी फुग्यासकटचा) होज, प्लग, कॉइल हे एकेक करून दोन इंजिनांमध्ये अदलाबदल करून पाहा. बिघाड ज्या भागाबरोबर दुसऱ्या इंजिनावर गेला तो भाग दोषी. एका वेळी एकच भाग बदला. दोन बदललेत तर उत्तर मिळालं तरी ते कोणाचं हे कळत नाही.

फुकटच्या तपासण्या

किल स्विचची (दोरी ओढली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप पूर्ण बसली आहे का बघा. अर्धवट बसलेली क्लिप लाटेच्या धक्क्याने क्षणभर संपर्क तोडते आणि ते अगदी मिसफायरसारखं वाटतं.

इंजिन बंद ठेवून वरचं कव्हर काढा. केबलवर चालणारा थ्रॉटल असेल तर लिव्हर पूर्ण पुढे ढकलल्यावर इंजिनावरचा आर्म शेवटच्या स्टॉपला टेकतोय ना ते पाहा. गंजलेली किंवा सरकलेली केबल तीन-चतुर्थांशच उघडते आणि माणूस पेट्रोल शोधत बसतो. कव्हर काढलंच आहे तर हवेचा मार्ग बघा. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार महिने उभ्या असलेल्या बोटीच्या कव्हरखाली उंदराने घर केलेलं असणं ही पुण्यात नवलाची गोष्ट नाही. चिंध्या, कापूस, कुरतडलेल्या वायरी. वायर कुरतडलेली दिसली तर किल्लीला हात न लावता आधी बॅटरी काढा.

मग पंखा. जलपर्णी किंवा प्लास्टिकचा चिंधा गुंडाळला असेल तर आरपीएम पडतो. उजनीच्या फुगवट्यात तर हे आधी बघावं. पंखा काढून त्यामागे मासेमारीची तंगूस अडकली आहे का पाहा. ती पंख्याच्या शाफ्टचं सील कापते, पाणी गिअर ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधाळ होतं. तसं ऑइल दिसलं तर चाचणी तिथेच थांबवा.

आरपीएम वाढतो पण वेग नाही, असं असेल तर पंख्याच्या मधलं रबरी हब घसरतंय का ते असं तपासा: हबची आतली बाही आणि बाहेरचा भाग यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा, एकदा फुल थ्रॉटल देऊन परत या. रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर हब गेलं. पंखा न फेकता हब बदलून मिळतो.

बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) आणि डेकखाली साचलेलं पाणी मोजा. एक लिटर म्हणजे एक किलो. पावसाळ्यात झाकणातून शिरलेलं दीडशे लिटर पाणी म्हणजे न बोलावलेले दोन पाहुणे. समुद्रात बांधून ठेवलेल्या बोटीच्या बुडाला शिंपले चिकटले असतील तरी तोच परिणाम.

उंचीचं गणित पुण्याच्या मंडळींना इतरांपेक्षा जास्त लागू आहे. पानशेत, मुळशी, पवना, खडकवासला ही पाणी साधारण ५८० ते ६४० मीटर उंचीवर आहेत. हवा विरळ होत जाते तशी इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मांडव्याला २५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन घाटावर सुमारे १५ हॉर्सपॉवर कमी देणार. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सुधारून घेतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही. समुद्रासाठी निवडलेला पंखा धरणात जड वाटतो तो यामुळे. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकेल ते अंतर) एक इंच कमी केला की फुल थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. दोन्हीकडे बोट नेणाऱ्याने दोन पंखे बाळगावेत, हा चैनीचा सल्ला नाही. धरणात मोटरबोटीला परवानगी असलेल्या जागीच चाचणी घ्या, हे वेगळं सांगायला नको.

व्हेंट: एका माशीची करामत

पेट्रोल टाकीतून बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. ती येते बोटीच्या कडेला असलेल्या बोटाएवढ्या व्हेंटमधून. पावसाळ्यानंतर कुंभारीण माशी नेमकी तिथे मातीचं घरटं लिंपते. टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढतो आणि काही मिनिटांनी हरतो. आधी छान, मग बसतं, थांबलं की बरं होतं, ते यामुळे.

तपासणी सोपी. फुल थ्रॉटलला इंजिन बसायला लागलं की वेग कमी करून पेट्रोल भरणीचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा सुस्कारा आला आणि इंजिन सुधारलं, तर दोष सापडला. झाकण लगेच बंद करा, उघड्या झाकणाने बोट चालवू नका. व्हेंट मऊ तारेने मोकळं करा. आतून बाहेर ढकलता आलं तर उत्तम, बाहेरून ढकललं तर माती होजमध्ये जाते. व्हेंटच्या होजला मध्ये झोळ पडला असेल तर त्यात पेट्रोल साचून बूच बसतं. होज टाकीपासून सतत चढता हवा.

बल्ब काय सांगतो

प्रायमर बल्ब बाण वर करून उभा धरा आणि कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर आतला व्हॉल्व्ह गेला किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. आता बोटीत दोन माणसं हवीत: एक सुकाणूवर, दुसरा खाली बसून बल्ब धरणारा. लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगावर, किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.

फुल थ्रॉटलला बल्ब चपटा होत असेल, तर अडथळा बल्ब आणि टाकी यांच्यामध्ये आहे. बल्ब गोल पण मऊ असेल आणि तो भराभर दाबल्यावर इंजिन उसळत असेल, तर हवागळती किंवा इंजिनावरचा कमी दाबाचा पंप दुबळा. बल्ब कडक राहत असेल आणि तरीही इंजिन बसत असेल, तर दोष बल्बच्या पुढे, इंजिनाकडे.

एक सूचना, आणि ती गंमत म्हणून नाही. कमी पेट्रोलवर फुल थ्रॉटल म्हणजे सिलेंडरमध्ये हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि त्यात उष्णता भयंकर वाढते. पिस्टन याच अवस्थेत वितळतात. अशी प्रत्येक चाचणी तीस सेकंदांत संपवा. "जरा दामटून बघू, मोकळं होईल" हे मोटरसायकलचं तत्त्वज्ञान इथे आणू नका.

काचेची बरणी आणि ई२०

आता पहिला खर्च: पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर. दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा तो बदलायचाच असतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. जुना फिल्टर सरळ उभा काढा आणि त्यातलं सगळं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत ओता. दहा मिनिटं हलवू नका.

एकच स्वच्छ थर दिसला तर पुढे जा. तळाशी पाण्याचे मणी असतील तर टाकीत पाणी आहे. तळाशी चिखल किंवा काळे तुकडे असतील तर टाकीतली घाण किंवा होजचं सुटलेलं अस्तर. बोरघाट उतरून खोपोली-पेणमार्गे ट्रेलर नेला की तळातला वर्षभराचा गाळ ढवळून निघतो. त्यामुळे घरून निघताना ठीक असलेलं इंजिन मांडव्याला पोचल्यावर रुसतं. तळाशी स्पष्ट दुसरा, जाड थर दिसला तर गोष्ट गंभीर आहे.

इथेनॉल पाणी शोषतं. ई१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, ई२० मध्ये त्याहून जास्त. सहनशक्ती संपली किंवा थंडीने ती घटली की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फारकत घेतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. शोषणनळीही तळाशीच असते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या थराचाच मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घटलेलं असतं, त्यामुळे खालचं काढून वरचं वापरणंही चूक. वर ताजं पेट्रोल ओतून पातळ करणं चूक. बाटलीतलं औषध ओतूनही वेगळे झालेले थर पुन्हा एक होत नाहीत. सगळी टाकी रिकामी करा. ते पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून थोडं-थोडं स्कूटरमध्ये संपवण्याचा मोह होतो. स्कूटरचं इंजिन त्या मोहाची किंमत वसूल करतं.

बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. आपल्या पंपांवर आता सर्रास ई२० मिळतं. त्यात इंजिनाला मिश्रण जरा हलकं पडतं, रबर आणि जुने होज लवकर सुजतात, आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच. आपल्या पुस्तिकेतली मर्यादा वाचा आणि हातात आलेलं पेट्रोल मोजा. १०० मिलीच्या मापननळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, बूच लावून हलवा, दाब सोडा, पंधरा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. तो १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, १९ च्या आसपास गेला तर १० टक्के, २८ च्या आसपास गेला तर २० टक्के. महाग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे आपोआप बिनइथेनॉलचं, असं धरून चालू नका. नळी खोटं बोलत नाही.

नवा फिल्टर बसवताना रबरी रिंगला ऑइलचं बोट फिरवा, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा, पान्हा लावू नका. बल्ब दाबून भरा आणि गळती बघा. फिल्टरवर तारीख लिहा. बोटीत दोन नवे फिल्टर कायम ठेवा.

निकाल लावणारी चाचणी

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल, तर अंदाज बंद करा आणि पेट्रोलची वेगळी वाट द्या. २५ लिटरचा सुटा टँक, त्यात ताजं पेट्रोल, १० मिमी आतल्या व्यासाचा नवा होज, नवा बल्ब. लहान इंजिनाचा ८ मिमीचा होज उसना घेऊ नका. त्यातून दीड लिटर मिनिटाला जात नाही आणि चाचणीच खोटी ठरते. हा होज थेट इंजिनाच्या इनलेटला जोडा, बोटीची टाकी, होज, फिल्टर सगळं वगळून. टँक बांधून ठेवा, त्याचं व्हेंट उघडा. पाच मिनिटांची चाचणी पुरते, पण इंजिन पुन्हा बसायला लागलं तर वरची तीस सेकंदांची मर्यादा पाळा.

इंजिन पूर्ण आरपीएमला गेलं? मग इंजिन निर्दोष आहे आणि कोणालाही ते उघडू देऊ नका. दोष बोटीत आहे. नाही गेलं? मग दोष इंजिनावर आहे आणि बोटीचे होज बदलत बसू नका. एवढी स्वस्त चाचणी असताना लोक आधी इंजेक्टर धुवायला का पाठवतात, हे कोडंच आहे.

दोष बोटीत असेल तर

टाकीच्या तोंडाशी, होजच्या निप्पलमध्येच, अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो: एक स्प्रिंग आणि एक गोळी. होज तुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बिल्जमध्ये वाहू नये म्हणून. मीठ, गंज आणि डिंकासारख्या थराने गोळी अडकते. काढून बघा, अडकत असेल तर त्याच मापाचा नवा लावा. काही जण गोळी काढून फेकतात आणि "आता छान चालतंय" म्हणतात. चालतं खरं. पण बोटीच्या पोटात पेट्रोल साचण्यापासून वाचवणारी तेवढी एकच गोष्ट होती.

मग होज. बाहेरून नवा दिसणारा होज आतून सोललेला असू शकतो. इथेनॉलने आतलं अस्तर सुटतं आणि ओढ वाढली की पडद्यासारखं आडवं येतं, ओढ थांबली की परत चिकटतं. डोळ्यांनी दिसत नाही, होज उभा चिरल्यावर दिसतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर तपासत बसू नका, बदला. नाना पेठेत गाडीचा पेट्रोल होज मीटरवर मिळतो, पण तो बोटीसाठी घेऊ नका. त्यावर आयएसओ ७८४० चा छाप हवा. बंद डेकखाली आग लागली तर तो काही मिनिटं टिकतो, हा फरक. क्लिपा स्टेनलेसच्या.

तिसरी गोष्ट टाकीतली शोषणनळी. काही टाक्यांत तिच्या टोकाला जाळी असते. जोरात ओढलं की गाळ किंवा सुटलेला तुकडा जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की खाली पडतो. व्हेंट साफ असूनही "थांबलं की बरं" हे लक्षण टिकलं असेल तर इथे बघा.

इंजिनाच्या इनलेटजवळ व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) टी-आकाराच्या जोडाने लावून फुल थ्रॉटलला वाचन घेतलं तर हे सगळं आकड्यात दिसतं. पाऱ्याच्या ४ इंचांच्या वर गेलं की वाटेत अडथळा आहे, वाद नको. काही कंपन्यांची मर्यादा याहूनही कमी असते.

टाकी रिकामी करताना बोटीचं नाक वर करून ट्रेलर रात्रभर उभा ठेवा. पाणी मागे जमतं. सकाळी हातपंपाने तळातून पहिले पाच-दहा लिटर काढून बरणीत बघा. मोकळ्या हवेत, उतारावर नाही, बेसमेंटमध्ये तर अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खालच्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरपर्यंत पोचते. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

दोष इंजिनावर असेल तर

कव्हरखाली एक छोटा फिल्टर असतो, काहींच्या भांड्यात लाल कडी असते. कडी तरंगत वर आली असेल तर खाली पाणी आहे. तो फिल्टर बदला. इथपर्यंत घरी करण्यासारखं आहे.

पुढे कमी दाबाचा पंप, मग व्हेपर सेपरेटर टँक (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी इंजिनावरची छोटी टाकी) आणि त्यातला जास्त दाबाचा पंप. या टाकीतला बारीक फिल्टर शिळ्या पेट्रोलच्या डिंकाने बुजतो आणि लक्षणं हुबेहूब वर सांगितल्यासारखी दिसतात. पण ती वाट दाबाखाली असते, ओ-रिंग एकदाच वापरायच्या असतात आणि गळकं झाकण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडतं. इथे थांबा.

अलार्मवाल्यांसाठी थोडक्यात

मागच्या बाजूने येणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी त्या भोकात गवत कापण्याच्या मशीनची नायलॉन दोरी घाला. कधी कधी फक्त तिथेच चिखल असतो आणि इंजिन प्रत्यक्षात गार असतं. धार तरीही बारीक असेल तर इम्पेलर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, तपासा. धरणाची पातळी उतरल्यावर गाळातून इंजिन चालवलं की वाळू त्याच्या पात्या खाते. पाण्याशिवाय सुरू केलं तर काही सेकंदांत पात्या जळतात. पात्या तुटलेल्या निघाल्या तर प्रत्येक तुकडा शोधून मोजा. न सापडलेला तुकडा पुढच्या वाटेत अडकून बसलेला असतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीने टांगून, थर्मामीटर लावून पाणी तापवा. पुस्तिकेतल्या तापमानाला उघडायला हवा आणि गार झाल्यावर पूर्ण मिटायला हवा.

व्होल्टेजचा अलार्म असेल तर बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन २००० आरपीएमला असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. टर्मिनलला हाताने फिरवायचे विंग नट असतील तर काढून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) लावा. लाटांवर आपटून विंग नट सैल होतात, व्होल्टेज क्षणभर पडतो, पंप आणि इंजेक्टर ढेपाळतात. दहा रुपयांच्या नटाने कॉम्प्युटरवर आळ येतो.

प्लग बदलायचे तर सगळे एकदम बदला, पुस्तिकेतल्याच नंबरचे. काढलेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. एकच प्लग इतरांपेक्षा पांढराफटक असेल तर त्या सिलेंडरला पेट्रोल कमी मिळतंय, एकच काळा-ओला असेल तर तिथे ठिणगी नाही. गाडीच्या गॅरेजमधला स्कॅनर इथे चालत नाही, कंपनीचाच लागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

बिल्जमध्ये पेट्रोलचा वास आला तर. किल्ली लावू नका, बिल्ज पंप चालू करू नका, मोबाइलचा टॉर्चसुद्धा खाली नेऊ नका, आधी हवा खेळू द्या.

डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर. ऑइल पातळ झालं आहे, बेअरिंग धोक्यात.

नवा इम्पेलर आणि थर्मोस्टॅट घालूनही तापमानाचा अलार्म परत आला तर. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजून एक सिलेंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर. सुट्या टँकवरही आरपीएम गेला नाही तर. टाकी बाहेर काढायला डेक कापावा लागणार असेल तर. आणि इंजिन वॉरंटीत असेल तर फिल्टरच्या पुढे कशालाही हात लावण्याआधी.

मेकॅनिकला बोलावताना "पॉवर नाही" एवढंच सांगू नका. आरपीएम किती, अलार्म कोणता, बल्ब कसा होता, सुट्या टँकवर काय झालं, हे सांगा आणि ती काचेची बरणी दाखवा. पुण्यात मोठ्या आउटबोर्डचा जाणकार बहुधा किनाऱ्यावरून बोलवावा लागतो. त्याची एक फेरी वाचते.

दुरुस्तीनंतर

पूर्ण आरपीएमला दोन मिनिटं चालवून आकडे जुन्या नोंदीशी ताडून बघा. मग दहा तास वापर झाल्यावर नवा फिल्टर पुन्हा काढून बरणीत ओता. स्वच्छ निघाला तर तोच परत लावा. पाणी निघालं तर ते टाकीच्या आतल्या दमटपणाचं आहे असं समजू नका, तेवढं पाणी त्यातून जमत नाही. भरणीच्या झाकणाचा ओ-रिंग काढून बोटांनी वाकवा. चिरला असेल तर चार महिने पाऊस तिथूनच टाकीत उतरत होता.